बडोद्याहून बोटीवर राहायला निघण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याचं एक जोडपं, दोघंही साठीच्या आसपास. तीस फुटी, वापरलेली शिडाची बोट घ्यायची, नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिच्यावरच राहायचं, कुठे पोचायची घाई नाही, भोवतालचे मासे-पक्षी-कासवं बघायची. खंभातचं आखात घरापासून दीड-दोन तासांवर आहे, तर बोट तिथेच ठेवता येईल का? वीज, पाणी, संडास यांचं काय? आणि या पाण्यात नक्की काय बघायला मिळतं, कशापासून जपायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे.

भरती-ओहोटीतला फरक कोचीला जेमतेम एक मीटर, गोव्यात साधारण दोन, मुंबईत उधाणाला साडेचार-पाच आणि भावनगरला दहाच्या वर जातो. आखाताचं तोंड रुंद, आत जाताना ते निमुळतं आणि उथळ होत जातं. आत शिरलेलं पाणी पसरायला जागा नसल्यामुळे वर चढतं. अलंगला जहाजतोडणीचा धंदा १९८३पासून उभा राहिला तो याच भरतीच्या जोरावर. जहाज भरतीला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचं, ओहोटीला ते कोरड्यावर. त्यांच्या सोयीची गोष्ट तुमच्या मुळावर येईल. उधाणाच्या दिवसांत आखातातला प्रवाह पाच-सहा नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जातो आणि तीस फुटी बोटीचं इंजिन तिला आरामात पाच-साडेपाच नॉटच्या वर नेत नाही. म्हणजे इंजिन चालू, धूर निघतोय आणि बोट जागच्या जागी.

नांगराचा हिशेब तर आणखी वाईट. साखळी सोडताना भरतीच्या वेळची खोली अधिक पाण्यापासून नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची, याच्या किमान पाचपट लांबी धरतात. गोव्याच्या नदीत ओहोटीला तीन मीटर पाणी, दोन मीटर भरती, एक मीटर नाळ, बेरीज सहा. साखळी तीस मीटर. तोच हिशेब खंभातला केला तर तीन, दहा आणि एक, म्हणजे चौदा. साखळी सत्तर मीटर. ओहोटीला पाणी उतरलं की त्या सत्तर मीटर साखळीवर बोट जवळजवळ दीडशे मीटर व्यासाचं वर्तुळ फिरते आणि त्या वर्तुळात कुठेतरी गाळाचा बांध उघडा पडलेला असतो. गाळ तिथे एका जागी थांबतही नाही. घोघा–दहेज फेरी २०१७ला मोठ्या थाटात सुरू झाली, दहेजच्या बाजूला गाळ साठत राहिला आणि २०२०मध्ये सेवा हजीऱ्याकडे वळवावी लागली. गाळ उपसणाऱ्या ड्रेजरला जे जमलं नाही ते तीस फुटी बोटीला जमणार नाही.

मात्र भरती म्हणजे काय हे डोळ्यांनी शिकायला तुमच्याइतकी चांगली जागा कोणाला नाही. जंबुसर तालुक्यातलं कावी-कंबोई बडोद्याहून साधारण पंचाहत्तर किलोमीटर. तिथलं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. देवदर्शन झालं की लगेच परतू नका. ओहोटीच्या सुरुवातीपासून चार तास काठावर बसा, दुर्बीण घेऊन. चिखल उघडा पडला की निवट्या बाहेर येतात, गुजरातीत त्यांना लेवटा म्हणतात. मासा असून चिखलावर सरपटतो, कारण कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. डोकं डावी-उजवीकडे हलवत पुढे जातो तेव्हा तो चिखलावरचा शेवाळाचा पातळ तपकिरी थर खरवडून खात असतो. मधूनच एका कुशीवर लोळतो, तो कातडी ओली ठेवायला. हिवाळ्यात चिखलपायी पक्ष्यांचे थवे आणि रोहितही (फ्लेमिंगो) असतात. चिखलात उतरू मात्र नका. पाय मांडीपर्यंत रुततो, आणि भरती येते ती माणसाच्या चालीपेक्षा जोरात.

बडोद्याचा समुद्राशी संबंध नाही असं समजणाऱ्यांसाठी जाता जाता: कमाटी बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा जो सांगाडा आहे तो मही नदीच्या मुखाशी आलेल्या प्राण्याचा. आणि ओखामंडळ, म्हणजे द्वारकेभोवतालचा भाग, गायकवाडी मुलूख असताना सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल या ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तिथल्या समुद्री जीवांचा अभ्यास करवून घेतला. त्या अहवालाचा पहिला भाग १९०९चा आणि दुसरा १९१६चा.

आता बोट कुठे ठेवायची. पहिल्या हंगामासाठी विजयदुर्गापासून गोव्यापर्यंतचा पट्टा योग्य. विजयदुर्गची वाघोटण खाडी आणि गोव्यातली मांडवी-झुआरी इथे आसरा चांगला, आत शिरायला खोली आहे, डिझेल-भाजीपाला जवळ. आचरा, कर्ली या खाड्या फार सुंदर, पण मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि दर पावसाळ्यानंतर तो जागा बदलतो. तुमच्या बोटीची कील (तळाखालचा जड फाळ) पाण्यात दीड मीटर असेल तर अशा मुखातून शिरताना स्थानिक तांडेल (बोट चालवणारा जाणकार) सोबत घ्या आणि भरती अर्धी चढल्यावर, ती चढतच असताना शिरा. चढत्या पाण्यात बोट टेकली तर वीस मिनिटांत आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात टेकली तर बारा तासांपर्यंत तिथेच, तीही आडवी.

बोट विकत घेण्याआधी दहा दिवस भाड्याच्या बोटीवर, तांडेलसह, एकाच जागी नांगर टाकून राहा. रोज नवं बंदर गाठणाऱ्याला डॉल्फिन दिसतो तो पाठ फिरवून जाणारा. भोवतालचे जीव तुम्हाला सामावून घेतात ते बोट एका जागी किमान आठवडाभर हलली नाही तरच. चार महिन्यांत चार जागा पुष्कळ झाल्या.

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब अजूनही चालतो: तिथीला पाऊणने गुणायचं. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरून सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबईपासून मालवणपर्यंत अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून अंदाज जमतो. खंभातच्या आखातात हा हिशेब लावू नका, तिथे भरती मुंबईनंतर काही तासांनी येते. खोलीचा फरक महत्त्वाचा असेल तिथे छापील तक्ताच बघा. पाणी एकसारखं चढत नाही हेही ध्यानात ठेवा. सहा तासांत ते बाराव्या हिश्शांनी एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असं चढतं. एकूण फरक दोन मीटर चाळीस असेल तर पहिल्या तासात वीस सेंटिमीटर, दुसऱ्यात चाळीस, मधल्या दोन तासांत प्रत्येकी साठ. प्रवाहही त्या मधल्या दोन तासांत सर्वांत जोरात. पोहणं, बोटीखाली काम करणं, छोट्या होडीने किनाऱ्यावर जाणं हे सगळं दोन्ही टोकांना ठेवा. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, फरक निम्म्यावर येतो आणि कामाला वेळ मिळतो.

वाऱ्याचं वेळापत्रकही ठरलेलं. पहाटे जमिनीवरून मतलई, सकाळी दहाच्या सुमारास पडतो, मग वायव्येचा खारा वारा उठतो आणि दुपारी तीन-चारला बारा-पंधरा नॉटवर जातो. म्हणजे उघड्या नांगरवाड्यात बोट रोज दोनदा तोंड फिरवते. खाडीत तर ती वाऱ्यापेक्षा प्रवाहाचं जास्त ऐकते.

तीस फुटी बोटीला पंधरा किलोचा नांगर, आठ मिलिमीटरची चाळीस-पन्नास मीटर साखळी, पुढे दोर. साखळीवर दर पाच मीटरला रंगाची खूण करा, अंधारात मोजत बसायला नको. वारा किंवा प्रवाह, जो जोरात असेल त्याच्याकडे नाळ करून बोट पूर्ण थांबवा. ती मागे सरकू लागली की नांगर तळाला लावा आणि साखळी सरकत्या बोटीबरोबर सोडत जा. एकदम सोडली तर ढीग नांगरावरच पडतो आणि तो चिखलात घुसतच नाही. खोलीच्या तिप्पट गेली की दहा मिनिटं थांबा. खाडीचा मऊ गाळ नांगराला हळूहळू आत घेतो. मग उरलेली सोडून इंजिन मागे घ्या, आधी हळू, नंतर अर्ध्या मिनिटासाठी जोरात. हे करताना किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बघत राहा, समजा, माड आणि त्यामागचा देवळाचा कळस. रेषा मोडली तर नांगर घसरतोय. काढा आणि पुन्हा टाका. शेवटी साखळीला सहा-आठ मीटरचा बारा मिलिमीटर नायलॉन दोर बांधून ताण त्याच्यावर घ्या. नाहीतर रात्रभर साखळीचा खडखडाट थेट उशीखाली ऐकू येतो. नांगर उचलताना दर मीटरला बादलीभर पाणी मारून साखळी धुवा. तिच्यावरच्या गाळात असंख्य कृमी-शंख असतात, आणि ते नाळेतल्या पेटीत मेले की तिसऱ्या दिवशी झोपायच्या जागेत वास येतो.

मालवणच्या बाजूला तळ खडकाळ आहे आणि तिथे प्रवाळही आहेत. तो भाग १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. वाळूचा फिकट पट्टा दिसल्याशिवाय तिथे नांगर टाकायचा नाही. आणि पुळणीसमोर (वाळूच्या किनाऱ्यासमोर) मुक्काम करण्याआधी किनाऱ्यावर जाऊन रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, कुठे ओढतात ते विचारा. तुमची बोट रापणीच्या मधोमध उभी राहिली तर पंचवीस-तीस माणसांची सकाळ वाया जाते. मग त्या गावात तुम्हाला पाणीही कोणी देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

विजेचं गणित कागदावर करा. पन्नास लिटरचा कंप्रेसरवाला फ्रीज आपल्या हवेत दिवसाला साधारण अठ्ठेचाळीस अँपिअर-तास खातो. दोन छोटे पंखे पंधरा, फोन-लॅपटॉप अठरा, दिवे पाच, रेडिओ पाच, पाण्याचा पंप आणि नांगराचा दिवा मिळून पाच. बारा व्होल्टवर बेरीज शंभरच्या जवळ. चारशे वॉटच्या सौर पाट्या हिवाळ्याच्या उन्हात, तोटा धरून, तेवढं भरून काढतात, पण डोलकाठीची सावली पाटीवर पडत नसेल तरच. पाटीच्या एका कोपऱ्यावर पडलेली काठीची सावलीसुद्धा उत्पादन निम्म्यावर आणू शकते, म्हणून पाट्या मागच्या कमानीवर लावा आणि दर दोन दिवसांनी मीठ गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा. बॅटरी दोनशे अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट. इंडक्शनवर रोजचा स्वयंपाक या बॅटरीला झेपणार नाही. एखाद्या वेळचा कुकर होईल.

उरतो गॅस. तो हवेपेक्षा जड. गळला तर तळाशी साठतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. पाच किलोचा सिलिंडर वर उघड्यावर किंवा ज्याचा निचरा बाहेर होतो अशा पेटीत ठेवा. स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण नव्हे, आधी सिलिंडरचं बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्या, मग बटण.

पाणी माणशी रोज बारा लिटर धरलं तर दोनशे लिटरची टाकी दोघांना आठ दिवस पुरते. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा हात गोड्याचा. बंदरात किंवा गावाच्या सांडपाण्याजवळ मात्र खारं पाणी भांड्यांना लावू नका. ॲल्युमिनियमचा कुकर खाऱ्या पाण्याने खड्डे पडून जातो, स्टीलचाच न्या. टाकी भरताना दर दहा लिटरला एक मिलिलिटर साधं, बिनवासाचं, पाच टक्क्यांचं क्लोरीनचं द्रावण, आणि अर्धा तास थांबा. पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर चढवायचं नाही, त्याच्या पन्हळीत झुरळांची अंडी असतात. सामान धक्क्यावरच डब्यांत रिकामं करा. बडोद्याहून लीलो चिवडा नेणार असाल तर छोट्या हवाबंद डब्यांतच न्या. मोठा डबा एकदा उघडला की दमट हवेत चिवडा लवकर बिघडतो.

हातपंपाच्या संडासात समुद्राचं पाणी येतं, आणि त्यासोबत समुद्रही येतो. हिवाळ्यातल्या काळोख्या रात्री दिवा न लावता पंप मारा. कधी कधी भांड्यात निळसर ठिणग्या फिरतात. तो नॉक्टिल्युका, एकाच पेशीचा जीव, पाणी ढवळलं की चमकतो. मात्र हाच जीव आणि त्याचे शेकडो सोबती नळीत अडकून मरतात, कुजतात, आणि सकाळच्या पहिल्या पंपाला सडक्या अंड्यांचा वास येतो. लोक संडास गळतोय समजून सगळं उघडतात. उपाय सोपा: रात्री झोपताना एक लिटर गोडं पाणी पंपातून घाला, म्हणजे नळीत खारं पाणी राहतच नाही. आठवड्यातून एकदा अर्धा लिटर व्हिनेगर रात्रभर, कारण लघवी आणि खारं पाणी मिळून नळीत दगडासारखा थर धरतो. चमचाभर खाद्यतेल पंपाच्या रबरासाठी. खाडीत मैला टाकीतच ठेवा. ओहोटीला बायका जिथे कालवं-शिंपल्या काढतात तिथे तुम्ही सोडलेलं पाणी गाळूनच ती शिंपली जगते, आणि तीच संध्याकाळी कोणाच्या तरी ताटात असते.

आता बोटीच्या खालची बाजू. नवखे याला देखभालीचं काम म्हणतात, पण समुद्री जीव बघायला याहून जवळची जागा नाही. स्वच्छ फायबर पाण्यात गेलं की काही तासांत जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, दोन-तीन दिवसांत त्यावर तपकिरी शेवाळ, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बार्नॅकल. त्याची अळी मिलिमीटरपेक्षाही लहान. ती पुढच्या दोन स्पर्शकांवर अक्षरशः चालत जागा तपासते, आवडली नाही तर सोडून जाते. आवडली की डोकं खाली करून सिमेंट सोडते आणि जन्मभर तिथेच. वर पांढरी कवचाची भिंत उभी करते आणि झाकण उघडून पिसासारखे पाय बाहेर काढून पाण्यातलं अन्न आत ओढते. गॉगल लावून स्थिर राहिलात तर हे पाय दर सेकंदाला आत-बाहेर होताना दिसतात. आपल्या जातीची कवचं आधी असतील तिथे अळ्या हमखास उतरतात, म्हणून पहिले चार-पाच खरवडले नाहीत तर महिनाभरात बोटीचा तळ दिसत नाही. त्यांच्या मागोमाग नळीत राहणारे कृमी, कालवं, हायड्रॉइड नावाच्या झुडपासारख्या दिसणाऱ्या जीवांची झुडपं, आणि त्या झुडपांत नखाएवढे खेकडे.

तांबं मिसळलेला, तळाला द्यायचा रंग हे रोखतो, पण तो दरवर्षी द्यावा लागतो: बोट वर काढल्याबरोबर, ओली असतानाच जोराच्या पाण्याने धुणं, ओल्या पॉलिश पेपरने घासणं (कोरडं कधीच नाही, तांब्याची धूळ छातीत जाते), प्रायमर, दोन हात, पाण्याच्या रेषेवर आणि सुकाणूच्या कडेला तिसरा. ॲल्युमिनियमच्या बोटीला हा रंग चालत नाही, पत्रा खातो. कथिलाचे जुने जहरी रंग आंतरराष्ट्रीय कराराने २००८पासून बंद आहेत. कोणी 'जुना स्टॉक' म्हणून देत असेल तर घेऊ नका. बोट ढकलणाऱ्या पंख्यावर (प्रोपेलरवर) रंग टिकत नाही. तो दर दोन-तीन आठवड्यांनी पातळ पट्टीने खरवडायचा. बाकी अंग मऊ फडक्याने पुसा, घासलंत तर रंगच ढगासारखा सुटतो. बोटीवर वाढलेली कालवं खायची नाहीत, त्यांनी तोच तांबा गाळलेला असतो.

खाली उतरताना इंजिनची किल्ली काढून स्वतःच्या गळ्यात अडकवा, मागे वीस-तीस मीटर दोर फुग्यासह तरंगत सोडा, आणि करवंटी टाकून प्रवाह बघा. ती तुमच्या पोहण्यापेक्षा जोरात गेली तर आज काम नाही. हातमोजे हवेतच. बार्नॅकलची चीर लहान दिसते पण खाडीच्या कोमट पाण्यातल्या जिवाणूंनी चिघळते. साध्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, जंतुनाशक लावा. लाली पसरत चालली, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर, विशेषतः मधुमेह असेल तर.

इंजिन थंड करणारं पाणीही याच समुद्रातून येतं. पावसाळ्यानंतर जेलीफिशचे थवे येतात तेव्हा जाळीची गाळणी भरते, मागून येणारं पाणी कमी होतं, तापमान चढतं. इंजिन बंद, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद, गाळणी उघडून साफ, व्हॉल्व्ह उघडा, पुन्हा चालू. तरीही पाणी नाही तर पंपातला रबरी पंखा तुटलेला. दोन सुटे जवळ ठेवा आणि तुटलेले तुकडे मोजून बाहेर काढा, राहिलेला तुकडा पुढच्या नळीत बसतो. बोटीला भोक असलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हजवळ मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवा आणि व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा फिरवा, नाहीतर गरजेच्या वेळी हालत नाही. पंख्याच्या दांड्यावरचा ॲनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) अर्धा झिजला की बदला; खाडीच्या मचूळ पाण्यात जस्तापेक्षा ॲल्युमिनियमचा चांगला चालतो. त्याच्यावर रंग लावायचा नाही.

लाकडी बोट पहिल्यांदा घेऊच नका. टेरेडो नावाचा लाकूड पोखरणारा जीव (दिसतो किड्यासारखा, आहे शिंपल्याच्या कुळातला) टाचणीएवढ्या भोकातून आत जातो आणि आतून पूर्ण फळी पोकळ करतो. बाहेरून काहीच कळत नाही.

पहिल्या रात्री तुम्ही घाबरून उठाल. बोटीच्या अंगातून मोहरीच्या फोडणीसारखा तडतड आवाज येत असतो आणि वाटतं की फायबर तडकतंय. तो पिस्तूल कोळंबीचा. ती एक नांगी इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो. आवाज त्या फुटण्याचा. खडक आणि कालवांचे थर जवळ असतील तिथे तो जास्त. कान लावून सवय झाली की नांगर टाकल्यावर तळाचा अंदाज यायला लागतो. दुसरा आवाज पाण्याच्या रेषेवर खरवडल्यासारखा: शेवटे, म्हणजे बोयट मासे, बोटीवरचं शेवाळ खात असतात. ते येऊ लागले म्हणजे सावलीला बाकीची छोटी मंडळीही जमली असं समजा. रात्री एक साधा दिवा पाण्यावर टांगला तर आधी बारीक कोळंबीची पोरं, मग त्यांच्यावर टोळ मासे. अर्ध्या तासाने विझवा.

डॉल्फिन, कोकणात गादा, किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातला. पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटं पंख. तो सहसा खाडीच्या मुखाशी चढत्या पाण्याबरोबर येतो, कारण मासे तेव्हा आत शिरतात. इंजिन चालू असेल तर न्यूट्रलवर आणा आणि थांबा. मागे लागलात तर तो लांब खोल बुडी मारून निघून जातो. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात, पिल्लं फेब्रुवारीपासून मेपर्यंत निघतात आणि उजेडाकडे जातात. पुळणीसमोर असाल तर वरचे दिवे बंद, फक्त नांगराचा पांढरा दिवा. जाळ्यात गुंतलेलं कासव दिसलं तर जाळं पाण्यातच ओढून काढू नका. वर घ्या, सावलीत ओलं फडकं पाठीवर, नाकावर नाही, आणि महाराष्ट्रात वनविभागाला १९२६वर कळवा. मेलेलं प्रवाळ किंवा मोठे शंख 'आठवण' म्हणून उचलायचे नाहीत. त्यातले बरेच वन्यजीव कायद्यात येतात.

शिंगाळा किंवा पाकट या माशांचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम, पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवा. तापमान दुखऱ्या हाताने तपासू नका. जेलीफिश डसली तर ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा, तंतू चिमट्याने काढा. गोडं पाणी आणि चोळणं दोन्ही नको. समुद्री साप जाळ्यात येतो. चावा दुखत नाही, काही तासांनी अंग दुखतं, लघवी काळपट होते. अंग न हलवता थेट मोठं रुग्णालय. आपल्याकडचं नेहमीचं सर्पविषावरचं इंजेक्शन या विषासाठी बनलेलं नाही, म्हणून जिथे कृत्रिम श्वासाची आणि डायलिसिसची सोय आहे तिथेच जा.

कागदपत्रांत बोटीची नोंदणी ज्या राज्यात ठेवणार तिथल्या सागरी मंडळाकडे किंवा गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, विमा, व्हीएचएफ रेडिओचा परवाना. उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, परदेशातल्या भाच्याने प्रेमाने दिला तरी. प्रत्येक नव्या मुक्कामी बंदर कार्यालयात आणि पोलिसांत आधी जाऊन आधार कार्ड दाखवा. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३. दुरुस्ती-रंग-सुटे भाग यांना वर्षाला बोटीच्या किमतीच्या दहा टक्के धरा आणि जुन्या बोटीला पहिल्या वर्षी त्याच्या दुप्पट.

चक्रीवादळं अरबी समुद्रात मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत येतात. २०१७चं ओखी डिसेंबरात गुजरातजवळ पोचलं होतं, २०२१चं तौक्ते मेच्या मध्यात सौराष्ट्रात धडकलं. म्हणून दिवाळीनंतरचा पहिला महिना खाडीच्या आत काढा आणि बोट एप्रिलअखेर वर घ्या. वर घेतल्यावर इंजिनमधून वीस लिटर गोडं पाणी फिरवा, टाक्या रिकाम्या, बॅटरी साठ टक्क्यांवर ठेवून तारा सोडा, गाद्या उभ्या करा म्हणजे बुरशी धरणार नाही. व्हॉल्व्ह सगळे उघडे, आत पाणी राहायला नको. धुराच्या नळीत फडक्याचा बोळा कोंबा, कुंभारमाशी तिथे घर करते, आणि तो काढायचा राहू नये म्हणून त्याच फडक्याची एक चिंधी इंजिनच्या किल्लीला बांधा.